दगड संपलेला नाही, खोलगट झालाय

"धार लागत नाही? दगड गेला. नवीन घ्या." हा सल्ला हल्ली फुकट मिळतो आणि ऐकला की महागात पडतो. जपानी दगड काय, त्याचा बांबूचा स्टँड काय, विचारू नका. माझं म्हणणं साधं आहे. न तपासता जुना दगड फेकणं हा शुद्ध आळस आहे. सर्व्हर स्लो झाला म्हणून आपण लॉग न बघता बदलतो का? (बदलतो, पण क्लायंटच्या पैशाने. असो.)

दगड मधे झिजतो, कारण हात मधेच जास्त फिरतो. घरातल्या सुरीला थोडा खोलगटपणा चालून जातो. पण सुताराच्या पटाशीची पाठ सपाटच हवी. तेच द्राक्षाच्या कात्रीचं. आपल्या नाशकात एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. कात्रीच्या पात्याची सपाट बाजू खोलगट दगडावर घासली की गोल होते, दोन पात्यांत फट पडते आणि काडी कापली जाण्याऐवजी चेचली जाते. मग शिव्या कात्रीला!

तपासणी दहा मिनिटांची. स्टीलची पट्टी दगडावर कडेने उभी धरून उजेडाकडे बघा. लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर. खालून उजेड दिसला की खड्डा. मग दगड बोटावर तोलून टिचकी मारा. बद्द आवाज आला तर तडा शोधा. आपल्याकडचा नेहमीचा, एक बाजू जाड नि एक बारीक असा दगड असेल तर त्यावर पाण्याचा थेंब टाका. तो जिरायला हवा. तसाच उभा राहिला तर छिद्रं जुन्या तेलाने बुजलीत. रॉकेल आणि ब्रश, मग साबण.

आता सपाटीकरण. जाड काचेचा तुकडा सपाट फरशीवर ठेवा, त्यावर सिलिकॉन कार्बाइडची जाडी पावडर आणि पाणी. दगडावर पेन्सिलने चौकटी आखा आणि आठच्या आकड्यात घासा, मधून मधून दगड फिरवा. सगळ्या चौकटी पुसल्या की काम झालं. बारीक बाजूला बारीक पावडर. कोरडं घासू नका, ती धूळ फुप्फुसात जाते. आणि तो चिखल बेसिनमध्ये ओतू नका, प्लंबर दगडापेक्षा महाग आहे :)

"पण चांगले दगड बाहेरचेच!" अहो, १८९१ मध्ये अमेरिकेत अ‍ॅचेसनने कार्बोरंडम बनवलं, त्याला सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. आणि ग्राइंडवेल १९४१ मध्ये उरणजवळच्या मोऱ्याला सुरू झाली. घासायचा माल इथे बनतो, हो!

दुसरी बाजूही ऐका. आजोबांचा म्हणून कुठलाही दगड पूजायचं कारण नाही. आरपार तडा गेलाय, कण सुटतायत, तर खुशाल टाका. पण ते तपासून ठरवा.

पाटा गुळगुळीत झाला म्हणून कुठल्या आजीने तो उकिरड्यावर टाकला होता? टाकीवाल्याला बोलावून टाकी लावून घ्यायची. झिजलेल्या वस्तूची निगा राखायची असते हे तिला कळत होतं, आणि आपण इंजिनियर!

पटत नसेल तर या रविवारी एक पट्टी घेऊन बसा. मग भांडू.