छताचे पोपडे

तुमसर तालुक्यातील बपेरा व आसपासच्या धानाच्या गावांत श्रावण-भादव्यात हवा ओली असते. कवेलूंच्या फटींतून घरातली वाफ निघून जाते. स्लॅबखाली ती कोंडते आणि रंगाचे पोपडे सुटतात. सणाच्या घाईत त्यावरच नवा हात मारू नका; तोही सुटेल.

आधी ओल कुठली ते पाहा. थोडी जागा खरवडून, पुसून तिथे प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटवा. दोन दिवसांनी थेंब कागदाच्या खालच्या अंगाला दिसले, तर ती चुलीची, ओल्या कपड्यांची वाफ. झरोके उघडे ठेवा. छताकडच्या अंगाला दिसले, तर पाणी गच्चीतून मुरते. पाणी जायची वाट मोकळी करा, भेगा सिमेंटने बुजवा.

पाऊस सरल्यावर जुना रंग पुरता खरवडा, पांढरी भुकटी कोरड्या ब्रशने झाडा, छत वाळू द्या आणि चुन्याचे दोन हात द्या. चुन्यातून ओल बाहेर पडते. ऑइलपेंट ती कोंडतो.

मात्र पोपड्यामागे तांबूस डाग किंवा गंजलेली सळई दिसली, तर रंगाचा विचार सोडा. तो थर कोसळू शकतो. खालची मुलांची अंथरुणे आजच हलवा आणि जाणत्या गवंड्याला बोलवा.