साठीपुढचं शास्त्र
२०११च्या जनगणनेतच महाराष्ट्रात दर दहांमागे जवळपास एक जण साठीपुढचा होता. म्हणून हा अंक वार्धक्याच्या सिद्धांतांविषयी आहे. १९६१ साली लेनर्ड हेफ्लिक यांनी मानवी पेशी ठरावीक वेळाच विभागतात, हे दाखवलं. त्याच वर्षी कमिंग आणि हेन्री यांनी उतारवयात माणूस समाजातून हळूहळू अंग काढून घेतो, असं मांडलं. आपले हास्यक्लब आणि ज्येष्ठ नागरिक संघ पाहता हे म्हणणं आम्हाला पुरतं पटत नाही. एरिक एरिक्सन यांचा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा वाटतो: जगलेलं आयुष्य आपण मनापासून स्वीकारलं का?

शरीर, समाज आणि मन या तिन्ही अंगांनी इथे लेख आहेत. साठी ओलांडलेल्या वाचकांनो, तुमचा अनुभव यांतल्या कोणाशी जुळतो, ते जरूर कळवा.