रॅम भरलेली दिसली म्हणून घाबरू नका

लिनक्सवर ‘फ्री’ ही आज्ञा दिली की मोकळ्या रॅमचा आकडा इतका लहान दिसतो की नवख्या माणसाच्या पोटात गोळाच येतो. शेजारचा ‘अव्हेलेबल’ रकाना पाहावा. खरा हिशेब तिथे असतो. डिस्कवरून वाचलेल्या फायली सिस्टीम रॅममध्ये राखून ठेवते, पुन्हा मागितल्या की लगेच देते आणि एखाद्या प्रोग्रॅमला जागा लागली की ती सोडते. विंडोजही हेच करते, त्यामुळे ‘रॅम क्लीनर’च्या नादी लागू नका. माझी तक्रार वेगळीच आहे. विंडोज ९५ची किमान अट ४ एमबी रॅमची होती. २०२१च्या विंडोज ११ची ४ जीबी, म्हणजे १,०२४ पट, शिवाय ६४ जीबी डिस्क. सुरक्षिततेसाठी, मोठ्या पडद्यांसाठी थोडं जास्त लागणारच, पण इतकं?