लिहितां लिहितां वाचणें

इंग्लंडांतील डायमंड या क्ष-किरणांच्या प्रयोगशाळेंत प्रयोग चालू असतांच मापनांची फाइल वाढत जाते, व शास्त्रज्ञांस ती त्याच वेळीं वाचावयाची असते. नाजूक नमुना किरणांनीं बिघडतो. चूक उशीरां कळली तर तो गेलाच. याकरितां एचडीएफ५ च्या १.१० आवृत्तीनें २०१६ सालीं ‘लेखक एक, वाचक अनेक’ ही सोय केली: कुलूप न लावतां आधीं मजकूर, मग त्याकडे नेणारी खूण, या क्रमानें लेखन. वाचकास क्षणभर जुनें दिसलें तरी चालेल; तुटकें दिसतां कामा नये. म्हणून परीक्षा वाढत्या फाइलीचीच घ्यावी, असें आमचें मत आहे. पुरी झालेली फाइल सावकाश पाहून ‘ठीक’ म्हणणें सोपें (वह्या तपासणारे आम्ही हें जाणतों!). एनएफएससारख्या दूरच्या सांठ्यावर तर ही सोय चालतच नाहीं. तेथें लेखनाच्या क्रमाची हमी नसते.