पिकअप घेण्याआधी : गाडी आपल्याला ओढणार की आपण गाडीला?



गळीत हंगाम आटोपत आला आणि उसाचे बिल खात्यावर जमा होऊ लागले की गावोगाव एका विषयाची चर्चा रंगते. पारावर असो, सोसायटीच्या ओट्यावर असो, विषय एकच : "औंदा पिकअप घ्यायची म्हणतो. बोलेरो घ्यावी का योधा?" मग एक जण म्हणतो बोलेरोशिवाय गाडीच नाही, दुसरा म्हणतो टाटाचं लोखंड ते लोखंड, तिसरा दोस्तचे गुण गातो. तासभर वाद होतो आणि शेवटी ज्याच्या पाहुण्याकडे जी गाडी असते तीच घेतली जाते. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, ही म्हण अशा वेळी नेमकी विसरली जाते.

प्रस्तुत लेखकाचा पिकअपला विरोध नाही. आपल्या जिल्ह्यातून बार्शी, लातूर, सोलापूरच्या बाजारात भाजीपाला, सोयाबीन न्यायचे, खत, बेणे, ठिबकच्या नळ्या आणायच्या, भूम भागात खवा वेळेवर पोचवायचा, तर हाताशी गाडी असणे ही चैन राहिलेली नाही. विरोध आहे तो तुलना न करता गाडी घेण्याला. आणि तुलना सुरू करायची ती शोरूममध्ये नव्हे, घरी वहीत.

पहिला हिशेब हप्त्याचा. समजा, ७ लाख रुपये कर्ज ११ टक्के व्याजाने ५ वर्षांसाठी घेतले. महिन्याचा हप्ता सुमारे १५,२०० रुपये बसतो, म्हणजे वर्षाला १ लाख ८२ हजारांच्या वर. तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला २,७०० रुपये हाती येतात असे धरले, तर हा हप्ता म्हणजे ६८ टन ऊस झाला. एकरी ४५ टन काढणाऱ्याचा दीड एकर ऊस पाच वर्षे फक्त गाडीसाठी उभा! त्यात डिझेल, विमा, टायर, ड्रायव्हरचा पगार धरलेला नाही. शिवाय ऊसबिल वर्षातून एकदा येते आणि हप्ता दर महिन्याला. एखादे वर्ष पाऊस हुकला, ऊस वाळला, तरी हप्ता वाळत नाही.

म्हणून गाडीने आपला हप्ता आपणच कमावला पाहिजे. महिन्याला २० खेपा असतील तर प्रत्येक खेपेवर ७६० रुपये नुसत्या हप्त्याचे पडतात. खेपा ६ च असतील तर हाच आकडा अडीच हजारांवर जातो. मग भाड्याची गाडी लावणे केव्हाही स्वस्त. मागच्या वर्षी आपण किती वेळा भाड्याने गाडी केली आणि किती पैसे दिले, हे आधी लिहून काढा. पुष्कळांचा निर्णय तिथेच होईल.

आता गाड्यांकडे वळू. बाजारात मुख्य स्पर्धा तीन घरांची. महिंद्राची बोलेरो पिकअप आणि तिची मॅक्स मालिका, टाटांची योधा आणि इंट्रा, अशोक लेलँडची दोस्त आणि बडा दोस्त. बोलेरो पिकअपचे जुने ओळखीचे इंजिन अडीच लिटरचे. योधाचे २.२ लिटरचे, १०० अश्वशक्तीचे. दोस्त व इंट्रा व्ही-५० यांची इंजिने दीड लिटरची. २०२२ साली टाटांनी २ टन भाराची योधा आणली, आणि २०२३ साली महिंद्रानेही मॅक्स मालिकेत २ टनांची गाडी दिली. म्हणजे एकाने पाऊल टाकले की दुसरा मागे राहत नाही. गुणांचा फरक वाटतो त्यापेक्षा थोडा आहे, आणि आपल्या कामाला कोणता फरक लागू पडतो हेच पाहायचे आहे.

टोमॅटोचा भरलेला क्रेट २५ किलोंचा धरला तर ६० क्रेट म्हणजे दीड टन. असा जड माल ज्याचा आहे त्याने भारक्षमता पाहावी. कोथिंबीर, मेथी, कडबा ज्याचा आहे त्याची गाडी वजनाआधी जागेने भरते. त्याने हौद्याची लांबी स्वतः टेप लावून मोजावी. बोलेरो आणि योधाला पुढे लांब नाक आहे, दोस्त-इंट्राच्या जातीला ते तोकडे आहे. तेवढ्याच लांबीच्या गाडीत तोकड्या नाकाला हौदा मोठा मिळतो आणि बाजाराच्या गर्दीत वळवायलाही सोपे जाते. उलट काळ्या रानातून, खडकाळ पांदीतून रोज जायचे असेल तर गाडीची जमिनीपासूनची उंची, पाटे आणि टायर आधी पाहा. पावसाळ्यात मागच्या चाकांवर चालणारी रिकामी गाडी चिखलात जागच्या जागी फिरते, कारण मागे वजन नसते. हा दोष तिन्ही घरांच्या गाड्यांत सारखाच.

भाराबाबत एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. "दीड टनाची गाडी आहे, पाटे वाढवले की तीन टन ओढती," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पाटे वाढवल्याने ब्रेक वाढत नाहीत. तुळजापूरचा घाट उतरताना हे कळून उपयोग नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत जादा भाराला २० हजार रुपये आणि वरच्या दर टनामागे २ हजार रुपये दंड आहे. हौद्यावर बसवलेली लोखंडी जाळी, वाढीव फाळके यांचेही वजन भारातूनच वजा होते, हे विसरू नये.

कागदपत्रांतही तुलना करावी लागते. गाडी आणि माल मिळून एकूण वजन ३,००० किलोंच्या आत असेल तर मालवाहतुकीचा परवाना लागत नाही. त्यावर गेले की लागतो. एकाच नावाच्या गाडीत दोन्ही प्रकार असू शकतात, तेव्हा कोटेशनवर एकूण वजनाचा आकडा लिहून घ्या. पोराकडे मोटारीचे हलके लायसन्स असेल तर चिंता नको. ७,५०० किलोंपर्यंतची मालगाडी त्यावर चालवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे. नवी गाडी पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंगला न्यावी लागते, तो खर्च धरा.

आणि माणसे! येरमाळ्याच्या यात्रेला, लग्नाच्या वऱ्हाडाला पिकअपच्या हौद्यात माणसे भरणे आपल्याकडे सर्रास चालते. मालाच्या गाडीत फुकट बसवलेल्या प्रवाशाची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितले आहे. अपघात झाला तर जबाबदारी मालकाच्या अंगावर, म्हणजे सातबाऱ्यावर येते. कोणत्याही कंपनीची गाडी घ्या, याला सूट नाही.

यानंतर येतो गॅरेजचा प्रश्न, आणि आमच्या मते तोच सर्वांत मोठा. जुन्या सभासदांना आठवत असेल, १९८० नंतरच्या दशकात जपानी सहकार्याने चार टेम्पो बाजारात आले : डीसीएम टोयोटा, आयशर मित्सुबिशी, स्वराज माझदा आणि ऑल्विन निसान. ऑल्विन निसानचा कारखाना तर उमरग्याहून हैदराबादकडे जाताना लागणाऱ्या जहिराबादला. गाड्या देखण्या, चालायला हलक्या. १९८६ साली टाटांची ४०७ आली. ती आपले रस्ते आणि आपला भार ओळखून केलेली होती, दुरुस्ती व सुटे भाग गावोगाव मिळत. टोयोटा आणि निसान ही नावे त्या टेम्पोंवरून पुढे गेली, ४०७ राहिली.

आज मात्र टाटा असो वा महिंद्रा, नुसत्या नावावर विसंबता येत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंजिने आली. त्यांत सेन्सर आहेत, दोष शोधायला संगणक लागतो, हातोडी-पान्याचे दिवस सरले. म्हणून विचारायचे ते असे : अधिकृत वर्कशॉप आपल्या गावापासून किती किलोमीटर? क्लच प्लेट, ब्रेक लायनर, इंजेक्टर यांचे दर काय? गाडी किती दिवस अडकते? हे विक्रेत्याला न विचारता दोन वर्षे गाडी वापरलेल्या चार मालकांना विचारा. तीन घरांची उत्तरे एका कागदावर शेजारी शेजारी मांडा. जिची उत्तरे आपल्या कामाला बसतात ती गाडी चांगली, मग तिचे नाव काहीही असो.

शेवटी संचालक मंडळास एक नम्र सूचना. हंगाम संपल्यावर आपला वजनकाटा मोकळा असतो. एक दिवस तिन्ही घरांच्या विक्रेत्यांना बोलवावे. प्रत्येक गाडीत काट्यावर मोजून सारखाच माल भरावा, घाटातून नेऊन आणावी, डिझेल मोजावे आणि आकडे याच पत्रिकेत छापावेत. ज्यांच्या खेपा कमी आहेत अशा तीन-चार शेजाऱ्यांनी मिळून एक गाडी घ्यावी. नाव एकाचे राहिले तरी करार लेखी असावा आणि खेपांची वही ठेवावी. एकट्याला न पेलणारा कारखाना आपण सर्वांनी मिळून उभा केला, तर एक गाडी मिळून पारखणे अवघड का वाटावे?

— एक ऊस उत्पादक सभासद