ओव्हरफ्लो हिडन लावा आणि मोकळे व्हा!

परवा रविवारी उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या एका ओळखीच्या काकांची साइट बघायला बसलो. फर्निचरचं दुकान आहे. तक्रार अशी, की दुकानाच्या नावातला रफार वरून अर्धा कापला जातोय आणि मेनू उघडला की खालचे पर्याय गायब. काका म्हणे, "फाँट खराब आहे रे."

फाँट कसला! लोगो डावीकडे फ्लोट, मेनू उजवीकडे फ्लोट, त्यामुळे हेडरची उंची शून्य. मग आधीच्या महाशयांनी हेडरला ओव्हरफ्लो हिडन ठोकलं. उंची आली, पण डब्याबाहेर जाणारं सगळं छाटलं गेलं. लाइन-हाइट ठेवली होती एक. इंग्रजी अक्षरांना ती बहुतेक वेळा चालून जाते, आपल्या रफार-वेलांटीला नाही. हे शोधायला माझी चाळीस मिनिटं गेली.

आणि वर 'फ्लोट म्हणजे डोकेदुखी' म्हणून बोंब मारणारे हेच! अहो, फ्लोट बरोबरच वागतो. अंबरनाथच्या शिवमंदिराचा फोटो डावीकडे टाकलात आणि परिच्छेद छोटा पडला, तर पुढचा परिच्छेदही फोटोच्या बाजूनेच वाहायला हवा ना? म्हणून तर बाहेरचा डबा फोटोची उंची मोजत नाही. त्याच्यावर अख्ख्या पानाची मांडणी लादली ती आपण. (तेव्हा टेबलाशिवाय दुसरं काही धड नव्हतं, हे कबूल.)

बरं, सभ्य उपाय नव्हते असंही नाही. टोनी अ‍ॅस्लेटचा क्लिअरफिक्स 2004 पासून लोकांना माहीत आहे, निकोलस गॅलघरने 2011 मध्ये तो आणखी छोटा केला. दोन्ही काही छाटत नाहीत. आणि डिस्प्ले फ्लो-रूट तर क्रोम-फायरफॉक्समध्ये 2017 ला आलं, सफारीत 2019 ला. एक ओळ! तरी अजून क्लासमध्ये रिकामा डिव्ह आणि क्लिअर बोथच शिकवतात, आणि ऑफिसात कोड दाखवला की सीनिअर म्हणतो, "चालतंय ना? मग?"

नाही चालत राव! तुम्ही फक्त इंग्रजी मजकूर टाकून बघता, म्हणून चालतंय असं वाटतं.

कुणी म्हणेल, फ्लेक्स वापर. हेडरला जरूर वापरा, पण फोटोभोवती मजकूर फ्लेक्सने वाहत नाही.

असो. मी हिडन काढलं, फ्लो-रूट टाकलं. रफार आला, मेनू उघडला. काकांनी खूश होऊन सागवानी स्टूल देऊ केलंय. लोकलमधून ते घरी कसं न्यायचं, ते बघतोय :-)