दूध फाटतं तसं

गेल्या पावसाळ्यात बेळगावहून चोर्ला घाट उतरून डिचोलीला मावशीकडे गेले होते. मावशी पंचाहत्तरीची, मधुमेह जुना. पेडण्याहून मावसबहीण आणि तिची लेकही आली होती. लेक सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. फ्लूच्या लशीचा विषय निघाला. मावशीचं एकच पालुपद, "गेल्या साली टोचून घेतलं ना, मग परत कशाला गो?"

घरात कुणीच बोलेना. तीन वर्षांपूर्वी काका फ्लूनंच गेले. साधा ताप म्हणून आठवडाभर घरीच काढे दिले आणि छाती भरल्यावर धावपळ झाली.

पोरीनं वाद घातला नाही. वाटीत गरम दूध घेतलं, लिंबू पिळलं. दूध फाटलं. कानडीत आपण म्हणतो ना, 'हालु ओडेयितु', तसं. "आजी, प्रथिनं तीच, पण आंबट लागताच त्यांची ठेवण मोडली. उदाहरण ढोबळ आहे, पण फ्लूचा विषाणू याच आंबटावर जगतो."

मग तिनं सांगितलं ते असं. विषाणूच्या अंगावर हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाचे काटे असतात. त्यांनी तो श्वासमार्गातल्या पेशीला चिकटतो. पेशी त्याला पिशवीत घालून आत ओढते. पिशवी आंबट होत जाते आणि पीएच ५ च्या आसपास आला की काट्याचा आकारच बदलतो. दाबलेली स्प्रिंग सुटावी तसा त्याचा आतला भाग उसळून पिशवीच्या पडद्यात रुततो. विषाणूचा आणि पिशवीचा पडदा एक होतो, विषाणूचे ८ आरएनए तुकडे आत शिरतात आणि त्यांच्या प्रती निघू लागतात. स्प्रिंग सुटलीच नाही तर विषाणू पिशवीत अडकून पडतो. बाहेरच सुटली तर तो वाया जातो. फाटलेलं दूध पुन्हा दूध होत नाही.

"मग दरवर्षी सुई का?" मावशीनं विचारलं. कारण लशीनं तयार झालेली प्रतिपिंडं मुख्यतः काट्याचं डोकं पकडतात आणि ते डोकं सतत थोडंथोडं बदलतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीतले विषाणू ठरवते. २००९ साली तर काटाच बहुतेकांना अनोळखी होता. ३ ऑगस्टला पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी गेला. मास्कसाठी लागलेल्या रांगा आपल्याला आठवतात. त्याच वर्षी शास्त्रज्ञांनी काट्याच्या देठाला धरून स्प्रिंगच अडवणारी प्रतिपिंडं दाखवली. देठ फारसा बदलत नाही, म्हणून सगळ्या फ्लूंवर चालेल अशा एकाच लशीचा शोध त्या वाटेनं चालू आहे.

मावशी बराच वेळ वाटीकडे पाहत राहिली. म्हणाली, "हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर!" दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच चपला घालून तयार होती.

वाचकहो, लस घेतली म्हणजे फ्लू होणारच नाही असं नाही, पण जिवावरचं दुखणं टळण्याची शक्यता वाढते. घरात अज्जा-अज्जी, गरोदर सून, दम्याचा किंवा मधुमेहाचा रुग्ण असेल, तर ताप-खोकल्यात डॉक्टरांकडे लवकर जा. ऑसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. अँटिबायोटिकनं विषाणू मरत नाही. काढा जरूर घ्या, पण त्याच्या भरवशावर आठवडा घालवू नका. आमच्या घरानं तो घालवला होता.